वसंताचे स्वागत नेमके कशाने होते? पाडव्याच्या अंकासाठी माहिती हवी आहे

धरमपेठची वाचक

सर्वांना नमस्कार. आमच्या वस्तीतील छोट्याशा वाचनालयाचा हस्तलिखित अंक दरवर्षी गुढीपाडव्याला निघतो. यंदा त्याचा विषय ‘देशोदेशीचे वसंत-स्वागत’ असा ठरला आणि संपादनाचे काम माझ्या गळ्यात पडले. विषय ठरला तेव्हा तो अगदी सोपा वाटला होता, पण मजकूर गोळा होऊ लागला तशी माझी पंचाईत झाली. जवळजवळ प्रत्येक लेखात जपानची चेरीची फुले, इराणचा नवरोज आणि आपली वसंतपंचमी याच क्रमाने हजेरी लावतात, प्रत्येकीच्या वाट्याला चार-चार ओळी येतात आणि शेवटी निसर्ग सर्वांना कसा जोडतो याची ग्वाही दिलेली असते. असा अंक काढण्यापेक्षा कोरी पाने शिवून ठेवलेली बरी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

माझ्या शंका अशा आहेत. वसंतपंचमीला नागपुरात सकाळी शाल सोडवत नाही आणि पाडव्याला दुपारी रस्त्यावर पाऊल ठेववत नाही. मग आपला वसंत या दोन सणांच्या मध्ये कुठे हरवतो? आमच्या आईच्या मते नागपुरात वसंताचे आगमन माळ्यावरचा कूलर खाली उतरवून त्याच्या वाळ्याच्या ताट्या बदलण्याने होते. हे विनोदाने म्हटलेले असले तरी ते खोडून काढायला माझ्यापाशी काही नाही. आपल्याकडच्या कोणत्या प्रथेला खरोखर वसंताचे स्वागत म्हणता येईल? आणि इतर देशांतील प्रथांची नुसती जंत्री न करता त्यांच्याकडे कोणत्या अंगाने पाहावे? सांगोवांगीच्या ज्या गोष्टी अंकात मुळीच जाऊ नयेत, त्याही कोणी सांगितल्या तर उपकार होतील.

महालातला पंचांगवाला

ताई, आपल्या पहिल्या शंकेचे निम्मे उत्तर गणितात आहे आणि निम्मे नागपूरच्या जागेत आहे.

गणिताचा भाग आधी सांगतो. दिवस आणि रात्र जवळपास सारखे होण्याचा वसंतविषुवाचा क्षण दरवर्षी २० किंवा २१ मार्चला येतो. आपली मेषसंक्रांत, म्हणजे सूर्याचा मेष राशीतील प्रवेश, मात्र १४ एप्रिलच्या आसपास असते. कधीकाळी या दोन गोष्टी एकत्र होत्या. परंतु पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय संथपणे डोलत असल्यामुळे विषुवबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश या गतीने तारकांच्या मागे सरकतो, आणि आपले पंचांग तारकांना धरून चालत असल्याने सतराशे वर्षांच्या आसपास साठत गेलेला हा फरक आता चोवीस दिवसांचा झाला आहे. आपले महिने चंद्राचे असले तरी अधिकमास घालून त्यांना याच तारकांच्या वर्षाशी बांधून ठेवलेले असते, त्यामुळे चैत्रही तितकाच पुढे ढकलला गेला. वैदिक काळी वसंताच्या दोन महिन्यांना मधु आणि माधव अशी नावे होती आणि तेच पुढे चैत्र-वैशाख म्हणून ओळखले गेले. ही नावे देणाऱ्यांना नागपूरचा आजचा वैशाख दाखवला असता तर त्यांनी त्याला काय म्हटले असते, याची कल्पना आपण करू शकता.

आता जागेचा भाग. आपण साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आणि दोन्ही समुद्रांपासून दूर बसलो आहोत, त्यामुळे थंडी ओसरणे आणि ऊन तापणे यांच्यामध्ये आपल्या वाट्याला जेमतेम पाच-सहा आठवडे येतात. ते माघाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंतचे आठवडे होत. म्हणजे आपला वसंत हरवलेला नाही. तो फाल्गुनात येऊन जातो आणि आपण त्याची वाट चैत्रात पाहत बसतो. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवलेले आणि २२ मार्च १९५७ पासून सरकारने स्वीकारलेले राष्ट्रीय पंचांग याच दुरुस्तीसाठी होते. त्यात १ चैत्र हा दिवस विषुवाच्या दुसऱ्या दिवसाशी, म्हणजे २२ मार्चशी आणि लीप वर्षात २१ मार्चशी बांधलेला आहे. आकाशवाणीवर आणि राजपत्रावर ते पंचांग आले, परंतु देवघरात आले नाही.

वसंतपंचमीविषयी एक गोष्ट अंकात अवश्य असावी. ती वसंताची सुरुवात नाही, वर्दी आहे. पाहुणा दारात येण्याआधी सडा घालावा, तशी ती थंडीतच येते. पंढरपुरात माघ शुद्ध पंचमीला विठ्ठल-रुक्मिणीचा विवाहसोहळा होतो आणि तेव्हापासून रंगपंचमीपर्यंत देवाला पांढरा पोशाख घालून त्यावर गुलाल उधळतात. दिल्लीच्या निजामुद्दीन दर्ग्यात याच सुमारास पिवळी फुले आणि पिवळ्या चादरी घेऊन कव्वाल येतात. भाच्याच्या मृत्यूने खचलेल्या आपल्या गुरूंना हसवण्यासाठी अमीर खुसरो पिवळी वस्त्रे लेऊन, मोहरीची फुले हाती घेऊन आले, ही कथा तेथे आजही सांगतात. चिनी लोकांचा ‘वसंतोत्सव’ २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान पडतो, आणि त्या वेळी उत्तर चीनमध्ये नद्यांवर बर्फ असते. ऐन थंडीत वसंताचे नाव घेण्याची रीत एकट्या आपली नाही.

नवरोजबद्दल लिहिताना एक चूक हमखास होते. पारशी नववर्ष आणि जमशेदी नवरोज हे एकच आहेत असे आपल्या लेखकांनी लिहिले असेल, तर ते कापून टाकावे. इराणी दिनदर्शिका विषुवाच्या क्षणाला घट्ट धरून आहे. भारतातील बहुसंख्य पारशी मात्र शहेनशाही पंचांग पाळतात. त्याचे वर्ष ३६५ दिवसांचे असून त्यात लीप दिवस धरत नाहीत, म्हणून दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकत त्यांचे नववर्ष आता ऑगस्टच्या मध्यावर येऊन पडते. २१ मार्चचा जमशेदी नवरोज ते सण म्हणून वेगळा साजरा करतात. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी येथे एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हापासून नागपूरला पारशी कुटुंबांचा शेजार नवा नाही. एखाद्या घरी जाऊन विचारले तर चार लेखांपेक्षा अधिक माहिती मिळेल.

टाळण्याच्या गोष्टी तीन. विषुवदिनी अंडे टोकावर उभे राहते, ही थाप आहे. हात स्थिर असेल तर ते कोणत्याही दिवशी उभे राहते. त्या दिवशी दिवस आणि रात्र मिनिटामिनिटाने समान असतात, हेही खरे नाही, कारण वातावरणात प्रकाश वळत असल्याने सूर्य क्षितिजाखाली असतानाच आपल्याला दिसू लागतो आणि दिवस काही मिनिटांनी मोठा भरतो. तिसरी म्हणजे ‘ईस्टर’ हा शब्द बाबिलोनच्या इश्तार देवीवरून आला, अशी जी फिरती माहिती आहे ती केवळ उच्चाराच्या साम्यावर रचलेली आहे. युरोपातील बहुतेक भाषांत त्या सणाचे नाव ज्यूंच्या ‘पेसाह’वरून आलेले आहे.

रामटेक रोड

मी वनखात्यातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे माझे बोलणे झाडांच्या अंगाने होईल. वरील सदस्यांनी गणिताने जे सांगितले, ते मनसर-पवनीच्या वाटेवरचा पळस दरवर्षी कोणत्याही पंचांगाविना सांगतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात त्याची पाने गळतात आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात अख्खे रान पेटल्यासारखे दिसते. कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, असे आपण म्हणतो. परंतु वसंतात त्याला एकही पान नसते, हे ती म्हण वापरणाऱ्यांपैकी किती जणांनी पाहिले असेल कोण जाणे. त्याच सुमारास काटेसावर आणि पांगारा फुलतात, मोहाला फुले येतात, कडुनिंबाची तांबूस पालवी दिसू लागते.

आपल्याकडे वसंताचे स्वागत कोणते, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘होळी’ असे आहे आणि त्यात मला तिळमात्र शंका नाही. लहानपणी आमच्या गावी होळीच्या पंधरा दिवस आधीपासून शेणाच्या चाकोल्या थापण्याचे काम मुलांकडे असे. मध्ये भोक पाडलेल्या या चपट्या चकत्या उन्हात वाळवायच्या, सुतळीत ओवून त्यांची माळ करायची आणि ती होळीला घालायची. शहरात आता चाकोल्यांच्या तयार माळा विकत मिळतात, तेही ठीक आहे. त्याच दिवसांत इतवारीच्या बाजारात साखरगाठ्यांच्या माळा टांगलेल्या दिसू लागतात. पश्चिम महाराष्ट्रातील पाहुण्यांना गाठी म्हटले की पाडव्याची गुढी आठवते, पण आपल्याकडे होळीलाच मुलांच्या गळ्यात गाठी पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी होळीच्या विस्तवावर पाणी तापवून मुलांना आंघोळ घालत. हा सगळा व्यवहार झाडाची पाने गळण्याच्या, शेत रिकामे होण्याच्या आणि अंगणातील काडीकचरा गोळा करण्याच्या दिवसांत बरोबर बसतो.

मेळघाटात धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांतील कोरकू आदिवासींसाठी होळी हा वर्षातील सर्वांत मोठा सण आहे. कामासाठी बाहेरगावी गेलेली माणसे दिवाळीला आली नाहीत तरी होळीला गावी परततात. नंतरचे काही दिवस बाया आणि मुले रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून ‘फगवा’ मागतात, नाचतात, गातात. नव्याने नोकरीवर गेलेल्या शहरी अधिकाऱ्याला ही अडवणूक वाटते. मलाही पहिल्या वर्षी तसेच वाटले होते आणि मी गाडीची काच वर केली होती. पुढच्या वर्षी सोबतच्या वनरक्षकाने मला आधीच सुटे पैसे घेऊन ठेवायला लावले.

झारखंडचा सरहूल अंकात अवश्य घ्यावा. चैत्र शुद्ध तृतीयेच्या सुमारास, साल वृक्ष फुलल्यावर, गावाचा पाहन म्हणजे पुजारी सरना नावाच्या राखीव राईत सालाच्या फुलांनी पूजा करतो आणि मातीच्या घड्यांत ठेवलेल्या पाण्याची पातळी पाहून त्या वर्षीच्या पावसाचे भाकीत सांगतो. त्या पूजेआधी नव्या मोसमाची फुले-फळे खायची नाहीत, असा नेम पाळला जातो. झाडाला बी धरण्यापुरती सवड देण्याचा याहून सोपा कायदा मी माझ्या नोकरीत पाहिला नाही.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. मोहाची फुले पहाटे गळतात आणि ती वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची सवय आहे. मार्च-एप्रिलमधले कितीतरी वणवे अशाच आगीतून पसरतात. वसंताचे कौतुक लिहिताना हेही लिहावे, कारण वसंतात आमच्या खात्यात कोणालाच रात्रीची झोप मिळत नसे.

धरमपेठची वाचक

दोघांचेही मनापासून आभार. वसंत फाल्गुनात येऊन जातो आणि आपण चैत्रात वाट पाहतो, हे कळले तेव्हाच माझा संपादकीय लेख बदलला. मात्र एक अडचण उभी राहिली. होळी हा फुलांचा सण आहे की आगीचा? जपानी मनुष्य फुलाखाली बसतो आणि आपण लाकडे जाळतो. या दोन्हींना एकाच नावाखाली कसे बसवावे? परदेशात राहिलेल्या कोणी स्वतः पाहिलेले सांगितले तर बरे होईल.

ओसाकातला नागपूरकर

मी सहा वर्षांपासून येथे आहे. चेरीच्या फुलांवर आपल्या लेखकांनी काय लिहिले असेल याची मला कल्पना आहे, म्हणून त्यांनी न लिहिलेले तेवढे सांगतो.

येथे फुलणे ही सरकारी नोंदीची गोष्ट आहे. प्रत्येक भागात हवामान खात्याने एकेक नमुन्याचे झाड ठरवलेले असते. टोकियोचे ते झाड यासुकुनी देवळाच्या आवारात आहे आणि त्यावर पाच-सहा फुले उमललेली दिसली की शहरात बहर सुरू झाल्याचे जाहीर होते. बहराची ही आघाडी जानेवारीत दक्षिणेकडच्या ओकिनावात सुरू होऊन मेच्या आरंभी उत्तरेकडच्या होक्काइदोपर्यंत पोहोचते, आणि बातम्यांत तिचा नकाशा आपल्याकडे मान्सूनचा दाखवतात तसा दाखवतात. नागपुरात ‘मान्सून विदर्भात कधी’ या बातमीकडे आपण ज्या डोळ्यांनी पाहतो, त्याच डोळ्यांनी येथील लोक चेरीकडे पाहतात. ही तुलना सुचल्यापासून मला हे लोक जवळचे वाटू लागले.

सगळी झाडे एकदम का फुलतात, यालाही कारण आहे. शहरांतून सर्वाधिक लावलेला ‘सोमेई योशिनो’ हा प्रकार कलमे करूनच वाढवतात, त्यामुळे ही सारी झाडे जणू एकाच झाडाच्या प्रती आहेत आणि सारख्या हवेत एकाच वेळी फुलतात. आठवड्याभरात पाकळ्या झडतात. शिवाय कळी जागी होण्यासाठी तिला आधी पुरेशी थंडी सोसावी लागते. हिवाळा नीट पडला नाही, तर वसंतही धड येत नाही. क्योतोतील बहराच्या नोंदी इसवी सन ८१२ पासूनच्या दरबारी रोजनिश्यांतून जुळवलेल्या आहेत आणि २०२१ मध्ये तेथे २६ मार्चला पूर्ण बहर आला, तेव्हा तो तोवरच्या बाराशे वर्षांतील सर्वांत लवकरचा ठरला. सुंदर फुलांच्या या यादीकडे हवामानाचे अभ्यासक आता काळजीने पाहतात.

परंतु ताई, आपण विचारलेली अडचण येथेही आहे. फुलांच्या दोन महिने आधी, साधारण ३ फेब्रुवारीला, ‘सेत्सुबुन’ असतो. जुन्या गणनेने त्याच्या दुसऱ्या दिवशी वसंत लागतो. त्या संध्याकाळी भाजलेले सोयाबीन दाराबाहेर फेकत ‘राक्षस बाहेर, भाग्य आत’ अशा अर्थाची आरोळी ठोकतात आणि आपल्या वयाइतके दाणे मोजून खातात. आमच्या शेजारचे गृहस्थ, जे एरवी लिफ्टमध्ये नमस्कारापलीकडे बोलत नाहीत, ते कागदी मुखवटा घालून स्वतःच्या नातवंडांकडून दाण्यांचा मार खात होते. म्हणजे आधी हाकलणे आणि मग बोलावणे, असा क्रम आहे. आपल्या होळीच्या बोंबा मला त्या रात्री फार आठवल्या.

माझ्या एका बल्गेरियन सहकाऱ्याने १ मार्चला माझ्या मनगटाला लाल-पांढऱ्या धाग्याचा गोंडा बांधला. त्याला ‘मार्तेनित्सा’ म्हणतात. मार्च महिना म्हणजे घडीत हसणारी, घडीत रुसणारी ‘मार्ता आजी’, असे ते लोक मानतात आणि तिची मर्जी राखण्यासाठी हा धागा बांधतात. करकोचा, पाकोळी किंवा फुललेले झाड यांपैकी काहीतरी दिसेपर्यंत तो काढायचा नाही, आणि मग एखाद्या झाडाच्या फांदीला बांधून यायचे. रुमानिया आणि मोल्दोव्हा येथेही हीच रीत आहे. २०१७ मध्ये युनेस्कोने तिची नोंद घेतली. मला या प्रथेत सर्वांत आवडले ते हे की, तारीख फक्त धागा बांधण्याची ठरलेली आहे. काढण्याची तारीख पक्षी ठरवतो.

इतिहासाची विद्यार्थिनी

आग आणि फुले यांच्या प्रश्नावर थोडे लिहिते. थंडीला निरोप देणारी कृती आणि नव्याला बोलावणारी कृती अशा दोन पायऱ्या मानल्या, तर बहुतेक ठिकाणच्या प्रथा सुसंगत दिसू लागतात. इराणात नवरोजच्या आधीच्या शेवटच्या मंगळवारी संध्याकाळी रस्त्यावर लहान-लहान जाळ करून त्यांवरून उड्या मारतात आणि ‘माझा फिकेपणा तू घे, तुझी लाली मला दे’ असे आगीला सांगतात. पोलंडमध्ये २१ मार्चच्या सुमारास शाळेतील मुले ‘मार्झाना’ नावाची गवताची बाहुली, म्हणजे मूर्तिमंत हिवाळा, जाळतात आणि नदीत सोडतात. स्पेनच्या वालेन्सिया शहरात १९ मार्चच्या रात्री चौकाचौकांतील प्रचंड पुतळे पेटवून देतात. हिवाळाभर दिव्यासाठी वापरलेले लाकडी खांब सुतार वसंत लागताच जाळून टाकत, त्यातून ही प्रथा आली असे तेथे सांगतात. नागपूरकरांना पुतळे जाळण्याची नवलाई वाटण्याचे कारण नाही, कारण आपण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत आणि बडगे मिरवून ‘इडापिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत ते जाळतोच. फक्त आपली ही रीत श्रावण अमावास्येच्या पाठोपाठ येते. पुतळा जाळला की वसंतच असतो, असे नाही.

म्हणूनच एक विनंती आहे. मार्झाना आणि होलिका या दोघींचे मूळ एकच, अशा प्रकारची वाक्ये अंकात येऊ देऊ नयेत. वाळलेले गवत आणि पाचोळा जगात सगळीकडे याच दिवसांत साठतो आणि त्याची सगळीकडे आगच होते. सारखेपणाला तेवढे कारण पुरते. नाते जोडायचे असेल तर पुरावा हवा.

नवरोजला मांडतात त्या सात वस्तूंच्या ‘हफ्त-सीन’विषयीही सगळ्यांनी लिहिले असेलच, म्हणून मी फक्त शब्दांकडे लक्ष वेधते. ‘सीन’ या अक्षराने सुरू होणाऱ्या सात वस्तूंत ‘सब्जे’ म्हणजे ताटलीत उगवलेले गव्हाचे किंवा मसुराचे कोवळे अंकुर, ‘सिर्के’ म्हणजे आपला सिरका, ‘सीब’ म्हणजे सफरचंद आणि ‘सीर’ म्हणजे लसूण असते. याशिवाय सुमाक, सेंजेद नावाचे सुके फळ आणि गव्हाच्या अंकुरांपासून केलेला ‘समनू’ हा गोड पदार्थ. यांतील काही शब्द आपल्या स्वयंपाकघरात शतकानुशतके बसलेले आहेत. तेराव्या दिवशी घराबाहेर वनभोजन करून ते अंकुर वाहत्या पाण्यात सोडतात. ज्यांनी घटस्थापनेचे धान विसर्जित केले आहे, त्यांना ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

सक्करदऱ्याचा शंकेखोर

सगळे वाचले. माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे की, मार्च-एप्रिलमधील प्रत्येक सणाला वसंताचे लेबल लावू नये. थायलंडचा सोंगक्रान १३ ते १५ एप्रिलला येतो, त्याचे नावच मुळी ‘संक्रांती’वरून आले आहे, आणि तेव्हा तेथे वर्षातला सर्वाधिक उन्हाळा असतो, एकमेकांवर पाणी टाकण्यात वसंताचा काय संबंध? उलट इजिप्तमधील ‘शम्म अन-नसीम’ या सणाच्या नावाचा अर्थच ‘वाऱ्याची झुळूक हुंगणे’ असा आहे. तेथील कॉप्टिक ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरनंतरच्या सोमवारी मुसलमान आणि ख्रिस्ती दोघेही नाईलच्या काठी आणि बागांतून जाऊन बसतात, आणि त्या सुगंधी झुळकीच्या सोबतीला फसीख नावाची आंबवलेली, विलक्षण उग्र वासाची खारी मासळी आणि पातीचा कांदा खातात. अंकात हा सण घ्यावा. निदान एक लेख तरी गोड होणार नाही.

जुन्या शुक्रवारीतल्या काकू

मासळीचे मला माहीत नाही, पण कडूचा विषय निघाला म्हणून लिहिते. पाडव्याला आम्ही कडुनिंबाची कोवळी पाने आणि फुलोरा, गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, ओवा, हिंग, मिरे आणि चिंच एकत्र वाटून सर्वांच्या हातावर ठेवतो. आमच्या शेजारी तेलुगू कुटुंब आहे. त्यांच्या उगादीच्या पच्चडीत कडुनिंबाची फुले, गूळ, चिंच, कैरी, मीठ आणि तिखट अशा सहा चवी असतात आणि वाटी दरवर्षी आमच्याकडे येते. मुले आमच्या घरची गोळी चुकवतात आणि त्यांच्या घरची पच्चडी मागून खातात, हे मी चाळीस वर्षे पाहते आहे.

मला वाचून माहीत आहे की, ज्यू लोकही आपल्या वसंतातल्या सणाला, पेसाहला, ताटात कडू पाला ठेवतात आणि हिरवी भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून खातात. त्यांची ती आठवण इजिप्तमधल्या गुलामीची आहे, आपली नव्या ऋतूत अंग निरोगी राहावे म्हणून आहे. कडू एकच असले तरी खाण्यामागचे दुःख वेगळे, हे लिहिताना ध्यानात ठेवावे. ओसाकातल्या भावाने सांगावे, तिकडे काही कडू खातात का?

आणि चैत्रगौर विसरू नका. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौर झोपाळ्यावर बसते; अंगणात चैत्रांगणाची रांगोळी, हळदीकुंकवाला आंब्याची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे. पंचांगवाल्यांच्या हिशेबाने तो वसंत संपल्यानंतरचा सण असेल, पण चाळीस अंशांच्या दुपारी थंड पन्ह्याचा पेला हातात देणे हेच नागपुरातले आतिथ्य आहे.

ओसाकातला नागपूरकर

काकू, खातात. ‘फुकिनोतो’ नावाचे कळीसारखे कोंब बर्फ वितळू लागताच जमिनीतून वर येतात, आणि ते पिठात बुडवून तळतात. पहिला घास घेतल्यावर मला थेट आमच्या घरची पाडव्याची सकाळ आठवली. येथील वृद्ध माणसे म्हणतात की वसंतात थोडे कडू पोटात गेलेच पाहिजे.

धरमपेठची वाचक

आता अंकाची मांडणी मला दिसू लागली आहे. देशांप्रमाणे लेख लावण्याचा विचार मी सोडून दिला. पहिला विभाग हाकलण्याचा असेल, त्यात होळी, मार्झाना, सेत्सुबुन आणि इराणची आग. दुसरा वाट पाहण्याचा, त्यात मार्तेनित्सा, चेरीच्या नोंदी आणि सरहूल. तिसरा जिभेचा, त्यात काकूंची गोळी, पच्चडी, फुकिनोतो आणि शंकेखोरांची मासळी. सोंगक्रान वगळला आहे. पंचांगाचा लेख महालातल्या पंचांगवाल्यांनीच लिहून द्यावा अशी विनंती आहे, मात्र एका पानात.

एक शेवटचा प्रश्न रामटेक रोड यांना. अंकाचे मुखपृष्ठ मुलांनी पळसाच्या रंगात रंगवावे असे ठरले आहे. तो रंग घरी कसा करतात, आणि फुले कुठून घ्यावीत?

रामटेक रोड

झाडाची फुले तोडू नयेत. मैना, बुलबुल, सूर्यपक्षी यांचे त्या दिवसांतले खाणे तेच असते, शिवाय झाडाखाली पहाटे गळून पडलेल्या फुलांचा खच असतो आणि तेवढ्यात भागते. देठाकडचा काळपट मखमली भाग काढून टाकावा, नाहीतर रंग मळकट येतो. पाकळ्या रात्रभर पाण्यात भिजत घालून सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर उकळाव्या आणि कापडातून गाळून घ्याव्या. खेळायला तेवढा रंग पुरतो; कागदावर लावायचा असेल तर पाणी निम्मे होईपर्यंत आटवावे आणि किंचित तुरटी घालावी, म्हणजे तो धरून राहतो. चुना मात्र चिमूटभरच टाकून पाहावा, कारण त्याने केशरी रंग लालसर होतो आणि जास्त झाला की पार बिघडतो. फुले सावलीत वाळवून ठेवली तर पुढे केव्हाही वापरता येतात. आपला अंक पाडव्याचा आहे आणि तोवर पळस सरलेला असेल, तेव्हा होळीच्या आठवड्यातच वेचून ठेवा. मी परवा मनसरकडे जाणार आहे. पिशवीभर घेऊन येईन.